चावीवाल्याच्या दाराला नवं कुलूप

चावीवाल्याला कुलूप लावून घराबाहेर काढायचं, ही अक्कल बेकरीवाल्यालाच सुचावी. पण तो बिचारा तरी काय करणार! त्याच्या खोलीतला जोडीदार चावीवाला तीन महिने आपल्या वाट्याचं भाडं देत नव्हता. नंबर दाबून उघडणारी कुलुपं आली आणि त्याचा धंदाच बसला. बेकरीवाल्याने आधी सांभाळून घेतलं, मग हातापाया पडला, मग कडाकडा भांडला. शेवटी घरमालकिणीने निर्वाणीचं सांगितलं, शनिवारी पूर्ण भाडं, नाहीतर दोघंही बाहेर. आणि नेमकी शनिवारीच बेकरीवाल्याची आई खुब्याचं ऑपरेशन होऊन इस्पितळातून सुटणार होती. तिला पाठ टेकायला दुसरी जागा नव्हती.

चावीवाल्याच्या जागी राहायला, सगळं भाडं आगाऊ देणारा एक ड्रायव्हर मिळाला. तो शनिवारी संध्याकाळी सहाला येणार होता. त्या दिवशी सकाळी चावीवाला कामाला गेल्यावर बेकरीवाल्याने त्याची पिशवी भरून दाराबाहेर ठेवली, नवं कुलूप लावलं आणि मान खाली घालून बेकरी गाठली.

दुपारी आईला धरून धरून जिना चढवला, खिशात हात घातला, तर चावी नाही! ती राहिली बेकरीतल्या ॲप्रनच्या खिशात, आणि बेकरी पाचपर्यंत बंद. आई पांढरीफटक पडली होती. दाराशी आपल्या पिशवीवर चावीवाला बसला होता.

बेकरीवाल्याचं तोंड चोरासारखं झालं. "तू... उघडलं नाहीस?"

"मालक समोर नसला की मी कुलपाला हात लावत नाही. माहीत आहे तुला."

आई भिंतीला टेकून कण्हली. "अरे, उभं राहवत नाही रे."

"उघड बाबा," बेकरीवाला कसाबसा म्हणाला. "पाया पडतो तुझ्या."

चावीवाल्याने तार काढली आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचा तेच विचारलं, "खोली कोणाची?"

दोघांची, एवढंच म्हणायचं होतं. जीभ रेटेना. आईचे पाय लटपटत होते आणि सहाला ड्रायव्हर येणार होता.

"माझी," तो म्हणाला.

कुलूप क्षणात उघडलं. चावीवाल्याने आईला अलगद उचलून दाराजवळच्या आपल्याच खाटेवर झोपवलं, उशी नीट केली आणि पिशवी खांद्याला लावली.

"कुलूप अगदीच तकलादू आहे," जाताना तो म्हणाला. "आईला एकटं ठेवून कामाला जाशील, तर चांगलं घे."

तो जिना उतरला. आईने डोळे मिटूनच विचारलं, "गुणी आहे रे पोरगा. जेवायला येईल ना परत?"

बेकरीवाला खाटेच्या पायाशी बसला आणि ढसाढसा रडला.