तिळाएवढा तुकडा

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर अकरा दिवस पप्पांच्या तोंडात पावडर घालून घट्ट केलेल्या पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं. गिळायला शिकवणाऱ्या ताईंनी बजावलं होतं, कोरडा कण फुप्फुसात गेला तर निमोनिया. आणि आजाऱ्यांना कम्युनियन, म्हणजे मिस्साच्या प्रार्थनेत ख्रिस्ताचं शरीर होणारी ती पातळ भाकरी, नेऊन देण्याचं काम चर्चने माझ्या आईकडेच सोपवलेलं. स्वतःचा नवरा त्या भाकरीवाचून उपाशी ठेवून ती घरोघर फिरत होती.

काल मी तिला विचारलं, "किती लहान तुकडा चालतो?"

"चार वर्षं मिस्साला फिरकली नाहीस, आता चौकशा. तिळाएवढा असला तरी ख्रिस्त पूर्ण असतो."

"आणि पाण्यात विरघळला तर?"

"भाकरीचं रूप मोडलं की मग त्यात ख्रिस्त राहत नाही."

म्हणजे मऊ होणं आणि विरघळणं यांच्या मधेच तो घशाखाली जायला हवा. साध्या, मिस्सात न वापरलेल्या भाकरीवर मी वेळ मोजला: चाळीस सेकंदांत मऊ, चार मिनिटांत लगदा.

आज वॉर्डात आईने डबीतून तुकडा काढून मी धरलेल्या चमच्यातल्या घट्ट पाण्यात ठेवला. चाळीस सेकंद झाले. कोपरा अजून ताठ. मिनिट झालं. तेव्हा लक्षात आलं, मी साध्या पाण्यात मोजलं होतं. घट्ट पाणी इतक्या लवकर आत शिरत नाही. पप्पा तोंड उघडून चमच्याकडे बघत होते.

"दे ना गं आता," आई म्हणाली.

"थांब."

"त्यांचा जबडा भरून येईल."

"थांब म्हटलं ना."

दोन मिनिटं दहा सेकंदांनी आईने बोट लावलं. "लोणी झालंय. ख्रिस्ताचं शरीर."

पप्पांचे ओठ 'आमेन' म्हणायला हलले, आणि आईने चमचा घेऊन त्यांच्या जिभेवर रिकामा केला. मी त्यांची हनुवटी खाली धरली. गळ्याची घाटी वर गेली, अडली, खाली आली. आता बोलायला लावायचं. आवाज घरघरला तर कण चुकीच्या नळीत गेला, नर्सला हाक.

"पप्पा, काहीतरी बोला."

त्यांनी जीभ टाळूवर फिरवली.

"अहो, बोला की," आई म्हणाली.

"सपक," पप्पा म्हणाले. सावकाश, पण स्वच्छ आवाजात.

"पाणी सपक म्हणा, पाणी," आई घाईने म्हणाली आणि एखादा कण राहिला असेल म्हणून चमच्यात पाणी ओतून स्वतः प्यायली. मग चमचा माझ्यापुढे धरला. "काही चिकटलंय का बघ, तुझी नजर चांगली आहे."

"नाही."

"नीट बघ."

मी तो उजेडात धरून पुन्हा पाहिला. मग घड्याळ लावून पप्पांचे श्वास मोजायला बसले. मिनिटाला अठरा. ठीक होतं. पुन्हा मोजले.