नमिराच्या यादीतला पहिला नंबर

कोणाच्या घरात काय चाललंय हे मला आपोआप कळतं, कारण त्यांच्या पोरांचे फॉर्म मी भरते. कर्जतच्या एसटी स्टँडसमोर माझं दुकान आहे. झेरॉक्स, दाखले, ऑनलाइन फॉर्म. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे दिवस आले की पोरं कॉलेजांची यादी घेऊन येतात, आणि मी पोराकडे बघायच्या आधी यादीकडे बघते. पहिली दोन कॉलेजं पुण्याची असली म्हणजे पुण्यात मावशी आहे. सगळी नवी मुंबईची असली म्हणजे आई रोज डबा देणार आहे. दोन मैत्रिणींच्या याद्या अगदी सारख्या निघाल्या की त्यातल्या एकीने डोकं वापरलेलं नाही एवढं नक्की. लोक मला भोचक म्हणतात. म्हणोत बापडे. पंधरा वर्षांत माझा अंदाज फारसा चुकलेला नाही.

नमिराच्या यादीचा मात्र मला अर्थ लागेना.

ती तिच्या वडिलांबरोबर आली, फॉर्म भरायची मुदत संपायच्या आदल्या दिवशी. अब्दुलभाईंना मी ओळखते. खालापूरकडच्या एका गावात राहतात, स्वतःचा टेंपो चालवतात, माझ्या दुकानातली कागदांची खोकी कित्येक वर्षं तेच आणून टाकतात. नमिरा त्यांची धाकटी. पोरीला मार्क चांगले होते आणि तिला केमिकल इंजिनिअरिंग करायचं होतं. तिच्या हातात एक दोनशे पानी वही होती. आधी सव्वीस कॉलेजं लिहिली होती, त्यातली सतरा खोडून आता नऊ ठेवली होती.

मी नऊ नावं वाचली आणि चष्मा पुसून परत वाचली. पहिल्या नंबरला विदर्भातलं एक कॉलेज. चांगलं असेल, पण आमच्या भागातून कोणी ते पहिलं टाकत नाही. दुसरं मराठवाड्यातलं. मुंबईचं नावाजलेलं, जे तिला थोडं नशीब असतं तर मिळालंही असतं, ते सातवं. घरापासून पाऊण तासावरचं, जिथं ती सकाळी जाऊन संध्याकाळी परत आली असती, ते शेवटचं.

"विदर्भात कोण आहे तुमचं?" मी विचारलं.

"कोणी नाय."

"मैत्रीण चाललीय?"

"नाय ताई."

"मग ही यादी कशावरून केलीस?"

"विचारपूस करून," नमिरा म्हणाली. "जशी हाय तशीच भरा, ताई."

अंतर बघितलं, मेळ बसेना. फी बघितली, नाही. मागच्या वर्षी कुठे किती मार्कांना प्रवेश बंद झाला ते काढून ताडून पाहिलं, तेही नाही. अगदी बाराखडीसुद्धा लावून बघितली. मला राग यायला लागला. मुलगी नम्र होती, हसरी होती, पण सांगायला तयार नव्हती, आणि असली माणसं मला सहन होत नाहीत.

त्यात पहिल्या नंबरची गोष्ट गमतीची नसते. पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं की ते घ्यावंच लागतं. नको म्हटलं तर पुढच्या फेऱ्यांमधून नाव बाहेर. आणि नमिराचे मार्क बघता विदर्भातलं ते कॉलेज तिला लागणार हे मी डोळे मिटून सांगू शकत होते. म्हणजे तिने पहिल्या ओळीत जे लिहिलं तिथं तिची पुढची चार वर्षं जाणार होती.

ती फोटो काढायला शेजारच्या स्टुडिओत गेली तेव्हा अब्दुलभाई काउंटरवर वाकले.

"ताई, पोरगी आयकत नाय. तुमी जवळचं कॉलेज एक नंबरला टाका ना. तिला काय सांगू नका. एवढ्या लांब एकटी... तिची आई तर जेवत नाय दोन दिस."

"तिला कळेल की नंतर."

"नंतर कळू द्या. लागल्यावर करनार काय?"

फॉर्म लॉक करताना मोबाईलवर ओटीपी येतो, आणि आमच्याकडे सगळ्या पोरींच्या फॉर्मवर वडिलांचाच नंबर असतो. म्हणजे अब्दुलभाई आणि मी, दोघांनी मिळून ठरवलं असतं तर नमिराची गरजच नव्हती. मी त्यांना हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण ते गेल्यावर मी कॉम्प्युटरवर जवळचं कॉलेज वर घेतलं, मुंबईचं दुसरं ठेवलं, विदर्भातलं खाली ढकललं आणि फॉर्म तसाच सेव्ह करून ठेवला. मला वाटलं, पोरीचं भलंच करतेय. यादीचा अर्थ लागला नाही म्हणून ती यादीच चुकीची, असं मी ठरवून टाकलं होतं. आज लिहिताना लाज वाटते.

दाखल्यांच्या झेरॉक्ससाठी नमिराने फाइल माझ्याकडेच ठेवली होती आणि फाइलमध्ये ती वही होती. दुसऱ्याची वही उघडू नये हे मला माहीत आहे. मी उघडली.

पहिल्याच पानावर वर लिहिलं होतं: "प्रश्न. आमच्या बोअरच्या पाण्याचा चहा काळा का होतो?"

खाली सव्वीस कॉलेजं, प्रत्येकासमोर केमिकल विभागाचा फोन नंबर, तारीख आणि मिळालेलं उत्तर. पोरीने महिनाभर शाळेतल्या प्रकल्पासारखी फोनाफोनी केली होती. बऱ्याच ठिकाणी "उचलला नाही" असं होतं. "प्रवेशाचं असेल तर बोला म्हणाले." "हसले आणि दुसऱ्या कोणाला तरी सांगून परत हसले." "चहा पावडर बदला." "फिल्टर बसवा." ही सगळी खोडलेली. मुंबईच्या कॉलेजासमोर होतं, "लोह जास्त आहे, चहाशी मिळून काळं होतं. उत्तर बरोबर. अर्ध्या मिनिटात फोन ठेवला." म्हणून ते सातवं. घराजवळच्या कॉलेजासमोर, "मॅडम चांगल्या बोलल्या, उद्या सांगते म्हणाल्या. नंतर फोन नाही." म्हणून शेवटचं. मराठवाड्यातल्या प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, "बाटलीत भरून घेऊन ये, आपण दोघी बघू." त्या दुसऱ्या.

आणि पहिला नंबर. तिथं लिहिलं होतं: "सर म्हणाले, लोह असणार, पण पाणी न बघता मी नक्की कसं सांगू? मग त्यांनीच मला सात प्रश्न विचारले. दोन दिवसांनी स्वतः फोन करून विचारलं, बघितलंस का?"

सातही प्रश्न खाली मांडले होते. पाणी उपसल्या उपसल्या चहा केला तर किती काळा, आणि बादलीत दोन तास ठेवून केला तर किती? लिंबू पिळल्यावर रंग बदलतो का? भांड्याला तांबूस थर बसतो का? पावसाळ्यात फरक पडतो का? प्रत्येकापुढे नमिराने करून बघून उत्तर लिहिलं होतं, तारखेसकट. सहा उत्तरं होती. सातवा प्रश्न होता, "बोअर मारताना किती फुटांवर कसली माती निघाली?" त्याच्यापुढची जागा कोरी. कोपऱ्यात बारीक अक्षरात, "अब्बांना विचारायचं." तारीख तीन आठवड्यांपूर्वीची.

मी वही मिटली. एवढी साधी गोष्ट, बाप रोज घरात असताना तीन आठवडे विचारायची राहिली कशी? ते मला कळेना, आणि कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्दुलभाई एकटेच आले. नमिरा दुपारी प्रिंट घ्यायला येणार होती, त्याआधी काम उरकायचं असा त्यांचा बेत. मी म्हटलं, बसा, चहा घेऊ. मागच्या बाजूला माझी छोटी शेगडी आहे.

"टेंपोत घरच्या पाण्याची बाटली आहे ना? आणा. आज तुमच्या पाण्याचा चहा करते."

त्यांचा चेहरा उतरला. "ते पाणी गाडीच्या रेडिएटरसाठी हाय, ताई. त्याचा चहा नको. कोणी पीत नाय तो."

"मी पिते."

त्यांनी नाइलाजाने बाटली आणली. पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ. पावडर टाकून उकळलं तसं ते काळपट झालं, आणि दूध घातल्यावर चहाला जो रंग आला तो पाटी पुसलेल्या पाण्याचा. मी दोन कप भरले. अब्दुलभाई कपाकडे बघत बसले.

"तय्यबाला बघायला आलेले तवा असाच झालेला," ते म्हणाले. तय्यबा त्यांची थोरली. "आमचा बोअर नवा. सगळ्यांना कौतुक, घरात पानी आलं. पाव्हण्यांसमोर ट्रे ठेवला, आठ कप. एकानं पन हात लावला नाय. काय बोलले बी नाय. उठले नि गेले. तवापासनं तिची आई पाव्हण्यांच्या चहाला गावातल्या जुन्या विहिरीवरनं पानी आनते. तय्यबाचं झालं नंतर दुसरीकडं, चांगलं झालं. पन आमच्याकडं त्या चहाचं नाव कोनी काढत नाय."

"नमिरा किती होती तेव्हा?"

"नऊ वर्षांची. तिनंच ते कप उचलले. मला विचारलं, अब्बा, काळा का झाला? पुन्हा पुन्हा विचारत होती. मी..." ते थांबले. "मी लई वरडलो तिला. परत विचारलंस तर बघ, म्हनलो."

मी वही उघडून त्यांच्यापुढे सरकवली. भोचकपणा करायचाच तर पुरता करावा. अब्दुलभाई मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले, बोट ठेवून सावकाश वाचतात. सव्वीस फोन वाचले. हसणाऱ्यांच्या ओळीवर बोट जरा थांबलं. मग पहिल्या नंबरवर आले.

"मास्तरनं सोता फोन केला?"

"दोन दिवसांनी. त्यांनाही जाणून घ्यायचं होतं."

"आमच्या पान्याचं?" त्यांना हे खरंच वाटेना. "तिकडं बसून?"

मग त्यांनी सात प्रश्न वाचले, एकेक. लिंबाच्या प्रश्नावर म्हणाले, "म्हनून लिंबं संपायची घरात." सातव्यावर आले, कोरी जागा बघितली, कोपऱ्यातलं बारीक अक्षर वाचलं.

"मला विचारलंच नाय तिनं," ते म्हणाले.

मी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"मी उभा होतो ना मशीनजवळ. सगळा दिवस उभा होतो. मला म्हाईत हाय." त्यांनी खिसे चाचपले. "ताई, पेन द्या."

त्यांनी लिहिलं. मोठं, वाकडं अक्षर, ओळीबाहेर जाणारं. शंभर फुटांपर्यंत काळा दगड. मंग चार पाच फूट लाल माती, गेरूवानी. हात लाल झाले होते. मंग पानी लागलं. लिहून झाल्यावर त्यांनी ते परत वाचून बघितलं आणि "गेरूवानी"खाली एक रेघ ओढली.

मी कॉम्प्युटरकडे वळले. कालची माझी करामत त्यांना दाखवली, जवळचं कॉलेज एक नंबरला. म्हटलं, "हे मी काल करून ठेवलंय. सांगा, लॉक करू?"

"नको नको." ते घाईने उठलेच. "तिनं लिवलंय तसं करा. तसंच." मग जरा वेळाने, "तिकडं जायला गाडी कुठनं सुटते, ताई? कल्यानवरनं?"

मी नऊच्या नऊ नावं वहीप्रमाणे लावली, त्यांच्याकडून दोनदा तपासून घेतली. त्यांनी मोबाईलवरचा ओटीपी एकेक आकडा करून सांगितला, आणि फॉर्म लॉक झाला. मग आम्ही दोघांनी तो चहा प्यायला. गार झाला होता, जिभेवर जरा लोखंडासारखा लागत होता, पण चहाच होता. अब्दुलभाईंनी कप पूर्ण संपवला.

दुपारी नमिरा आली. मी तिला सगळं सांगितलं, वही वाचल्याचं आणि आदल्या दिवशी तिची यादी फिरवून ठेवल्याचंसुद्धा. ती रागावली. रागावायलाच हवं होतं. प्रिंट माझ्या हातातून ओढून घेतली आणि नऊ नावं बोटाने मोजत तपासली, अगदी तिच्या बापासारखी. सगळी जागच्या जागी होती. मग मी वही तिच्यापुढे धरली.

तिने आधी सहा उत्तरांवरून नजर फिरवली, मग सातव्यावर आली. ते वाकडं अक्षर तिने लगेच ओळखलं असणार, कारण ती खुर्ची न बघताच खाली बसली. दोनदा वाचलं. "हात लाल झाले होते" यावर तिने बोट ठेवलं आणि तसंच ठेवून रडली. मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

डोळे पुसून तिने पिशवीतून फोन काढला आणि एक नंबर लावला. नंबर तिला पाठ होता.

"सर, नमिरा बोलतेय, खालापूरवरनं," ती म्हणाली. "सातव्याचं उत्तर मिळालं. अब्बांनी लिहून दिलं."