अस्तरासकट

हनुवटी टेकायच्या पट्टीवरचा पातळ कागद, त्याला चिकटलेला कुणाच्या तरी दाढीचा एक पांढरा केस.

तीनशे अठरा.

शर्टाचं वरून तिसरं काज. तिरकं.

पिवळी टेप, टोकाची पितळी पट्टी गळून पडलेली, पहिला इंच झिजून पाऊणच उरलेला.

दोनशे बासष्ट.

तिने कागद फाडून टोपलीत टाकला, खालचा कोरा कागद बोटाने सपाट केला – तो सपाटच होता – आणि म्हणाली, "हनुवटी इथे. कपाळ पुढे टेकवा. हिरव्या फुलीकडे बघत राहा."

"अहो, आत्ताच तर त्या दुसऱ्या यंत्रावर झालं की," समोरचा बसचालक म्हणाला.

"दोन्हींवर करायचं आहे. दोन यंत्रांची तुलना चाललीय."

"म्हणजे परीक्षा माझी नाही, यंत्रांची. बरं झालं. नापास झालं तर ते होईल."

ती हसली असावी. संगणकावर त्याच्या डोळ्यातला पडदा उमटला – थरावर थर, मधोमध छोटीशी खळी, सूज नाही, छान डोळा – आणि कोपऱ्यात त्याच्या जाडीचा आकडा. जुन्या यंत्रावर दोनशे एकेचाळीस, नव्यावर दोनशे सत्त्याण्णव. फरक छप्पन्न. तिने तक्त्यात लिहिलं. हा चाळिसावा डोळा. वरती चोपन्न, अठ्ठावन्न, पंचावन्न, छप्पन्न, सत्तावन्न... कुठेही सत्तर नाही, कुठेही शून्य नाही. एकाच पडद्याची जाडी नवं यंत्र दर वेळी छप्पन्नच्या आसपास जास्त सांगतं, कारण जुनं एका थरापर्यंत मोजून थांबतं आणि नवं त्याच्या खालचा थरही धरतं. बाबांच्या भाषेत, एक कोट अस्तर सोडून मोजतं, दुसरं अस्तरासकट.

बाबांच्या भाषेत सांगायला नको होतं. आता ते मानगुटीवरून उतरणार नाही.

तीनशे अठरातून दोनशे बासष्ट गेले की किती उरतात, हे तिला सकाळपासून माहीत आहे. वजाबाकी करायचीच नाही असं ठरवून ती सकाळपासून करते आहे – किल्ली लावताना, यंत्रांवरची कापडं काढताना, त्या पांढऱ्या केसाकडे बघताना.

फाइलच्या कोपऱ्यात 'जु' किंवा 'न' लिहायचं, आणि ज्या यंत्रावर पहिला स्कॅन त्याच यंत्रावर पुढचे सगळे, हा इथला नियम. मीच सगळ्यांना शिकवला. पण घरच्या माणसाला कसला आलाय नियम. घरच्या माणसाला मधेच आत घ्यायचं, पाच मिनिटांत मोकळं करायचं, आकडा तेवढा फाइलवर टाकायचा... बाबांचा पहिला स्कॅन नव्यावर, तीनशे अठरा. इंजेक्शन दिलं. सात आठवड्यांपूर्वी जुन्यावर, दोनशे बासष्ट. कोपरा कोरा. डॉक्टरीणबाईंनी आकडा वाचला, "वा, चांगली उतरली सूज," म्हणाल्या, दुसरं इंजेक्शन थांबवलं, तीन महिन्यांनी या म्हणाल्या. नव्या यंत्रापुढे गर्दी होती त्या दिवशी. फार गर्दी होती.

सूज उतरलीच नव्हती. अस्तर काढून मोजलं होतं, एवढंच.

बाबा शिंपी. पाव इंच खाल्लेली ती टेप आईने दोनदा फेकली, दोनदा त्यांनी कचऱ्यातून काढली. म्हणायचे, "टेप खोटी असली तरी चालेल गं, पण जिने माप घेतलं तिनेच मोजून कापड कापायचं. मधेच दुसरी टेप धरलीस की बाही आखूड झालीच समज." मी तेव्हा दुकानात बसून कापडाच्या चिंध्या मोजत असे. मोजणीबाई म्हणायचे मला. अजून म्हणतात.

रविवारी त्यांनी सुई पुढे केली. "एवढा दोरा ओव. दिवा मेला मंद झालाय."

"डोळ्याला त्रास होतोय का?"

"डोळ्याला काय होतंय? सूज उतरली ना, तूच म्हणालीस. दिवाच बदलतो."

शिवून झालेला शर्ट त्यांनी तिला घडी घालायला दिला. वरून तिसरं काज... तिने बटण लावून झाकलं.

"काय म्हणतात आपली यंत्रं?" डॉक्टरीणबाई दारातूनच विचारत होत्या, हातात दुसऱ्याच कुणाची फाइल. "जुळतात का?"

"नाही जुळत. पण फरक जवळजवळ सारखा आहे, मॅडम."

"मग काही बिघडत नाही. मधेच यंत्र बदललं नाही म्हणजे झालं." आणि थांबून, "चेहरा का असा तुझा?"

सांग. एक वाक्य आहे. वाक्यात 'मी' आहे म्हणून ते अडकलंय, बाकी काही नाही...

"मॅडम, बाबांना उद्या बोलावू?"

"का? अजून दीड महिना आहे ना त्यांना?"

"नव्यावर करायचंय."

डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघत राहिल्या, मग तक्त्याकडे, त्या छप्पन्नांच्या रांगेकडे. हातातली फाइल उगाच उघडली, मिटली, आणि म्हणाल्या, "उद्या कशाला? आजच बोलाव."

तिने फोन लावला. पलीकडे शिलाई मशीन थांबल्याचा आवाज.

"बोला मोजणीबाई. नवा दिवा आणला. पण हा पण तसलाच निघाला बघ, फसवलं मेल्याने."

"बाबा, दिव्याचं राहू द्या. आत्ता इकडे या. रिक्षाने या."

"सूज तर उतरली ना?"

उत्तर द्यायला तिने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, सकाळपासून जी भीती वाटत होती ती त्यांच्या डोळ्याची नव्हती, ते तिला काय म्हणतील याची होती. आणि ती भीती आता कुठे डोळ्याकडे वळत होती, उशिरा, लाजत, पण वळत होती. बोटं कागदावरून पुन्हा पुन्हा फिरत राहिली, काही सपाट करायचं नसताना.

"बाबा, माझं ऐका..."

त्या गर्दीच्या दिवशी नव्या यंत्रापुढे तीनच माणसं होती.