पाटावर सरळ, बगीच्यात वाकडी

मी एक एकचाकी आहे. नाव भिंगरी, वय वर्षं एक, मुक्काम तांडापेठ, नागपूर. हसू नका मित्रांनो, मला खरंच एकच चाक आहे! हँडल नाही, सीट नाही. मधे जाड टायरचं चाक, पोटात मोटर आणि बॅटरी, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला एकेक फळी. तुम्ही पुढं झुकलात की मी पळते, मागं झुकलात की थांबते. तोल सांभाळायचं काम माझं. एका सेकंदात शेकडो वेळा मी स्वतःलाच विचारते, ‘अगं, सरळ आहेस ना?’ आणि जरा कलले की चाक पुढंमागं करून सावरते. आपल्या तोंडानं आपली आरती ओवाळू नये म्हणतात, पण दुसरं कोणी ओवाळेपर्यंत धीर कोणाला आहे?

मला घडवलं हर्षानं. ती इंजिनिअर आहे आणि महाहट्टी आहे. तिचे वडील रामाजी हातमागावर साड्या विणत. माग केव्हाच मोडला, आता ते इतवारीत साड्यांच्या दुकानात कामाला जातात. माझ्या फळ्यांना ते अजूनही ‘पावड्या’च म्हणतात, कारण मागावर पायांनी दाबायच्या फळ्यांना पावड्या म्हणतात. पहिल्यांदा मी अंगणात गरगर फिरून तुळशीवर जाऊन आदळले, तेव्हा टाळ्या वाजवून त्यांनीच माझं नाव ठेवलं. “भिंगरी हाये वं ही, भिंगरी!”

हर्षाची आई मीराबाई मात्र टाळ्या वाजवत नव्हत्या. पोरीनं नीट नोकरी धरावी, वेळेवर डबा खावा, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यात वाईट काय आहे, सांगा! शेवटी मायलेकींचं ठरलं की मीराबाई एक वर्ष थांबतील. दसऱ्यापर्यंत माझ्यासाठी एक तरी गिऱ्हाईक मिळालं तर ठीक, नाहीतर हर्षानं पुण्याच्या नोकरीला होकार कळवायचा आणि माझे नटबोल्ट सुटे करून डब्यात भरायचे. डब्यात! मला तर नुसतं ऐकूनच गरगरायला होई.

गिऱ्हाईक मिळायची आशा होती ती काटोलला. तिथं मिनलताईंचा संत्र्याचा बगीचा आहे. फळं धरली की फांद्या जमिनीकडं वाकतात, म्हणून त्यांना बांबूचे टेकू लावतात. मग ओळींमधून ट्रॅक्टर जात नाही, मोटारसायकल अडकते आणि भरलेले क्रेट बाया डोक्यावर वाहून आणतात. हर्षानं त्या वाटा पाहिल्या आणि माझी सगळी रचनाच बदलली. पोटात स्प्रिंग बसवले, चिखल बसू नये म्हणून चाकावर झाकण केलं, दोन्ही अंगांना क्रेट अडकवायचे आकडे लावले. बॅटरी डब्यासारखी काढता येते, म्हणजे एक चार्ज होईस्तोवर दुसरीवर काम चालू! मिनलताईंची अट सरळ होती. विहिरीपासून शेवटच्या बांधापर्यंत दोन भरलेले क्रेट घेऊन जायचं, परत यायचं आणि एकही संत्रं पडता कामा नये.

दिवस ठरला दसऱ्याचा. आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी विणकराच्या घरात हत्यारांची पूजा होते, आणि पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवत नाहीत. माग नाही म्हणून यंदा पाटावर रामाजींचा जुना धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारं लाकडी हत्यार, मांडला आणि शेजारी मला! हळदकुंकू, झेंडूचा हार, पायाशी गुलाबी कापड. मी किती मिरवले असेन, विचारू नका.

पण हर्षानं त्याच सकाळी माझ्या पोटात नवा सेन्सर बसवला होता. सेन्सर नवा असला की मला ‘सरळ’ म्हणजे काय ते पुन्हा शिकवावं लागतं. सपाट जागी ताठ उभं करायचं आणि फोनवर एक बटण दाबायचं. हर्षाला दम कुठला? मला हलवायचं नाही, हे तर आईनं बजावलेलं. तिनं विचार केला की पाट सपाट आहे, भिंगरी पुढच्या-मागच्या स्टँडच्या पायांवर उभी आहे, फोनवरून काम होतंय, मग हात लावायचा प्रश्नच कुठं येतो? तिनं बटण दाबलं. टिंग! मी शहाण्या मुलीसारखा धडा पाठ केला. मी अशी उभी आहे, म्हणजे हेच सरळ.

दुसऱ्या दिवशी पूजा उतरवली आणि आम्ही सगळे टेम्पोत बसून थेट काटोलला. माझा आनंद पोटात मावत नव्हता! हिरव्या पानांत पिवळसर झालेली संत्री, टेकूंच्या मधून जाणाऱ्या अरुंद वाटा, आणि विहिरीजवळ आमचीच वाट पाहत असलेल्या मिनलताई. क्रेट अडकवले. हर्षानं फळीवर पाय ठेवला, मला सरळ धरलं आणि दुसरा पाय उचलला.

आणि मी सुसाट पुढं सुटले! मला वाटलं मी पुढं कलले आहे, सावरायला हवं, म्हणून चाक पळवलं. हर्षा मागच्या मागं पडली, हाताचं कोपर सोलपटलं, मी टेकूला धडकले आणि संत्री धडाधड मातीत. हर्षा उठली, पुन्हा चढली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मिनलताई हळूच म्हणाल्या, “राहू दे आज. लागलं ना तुला.”

हर्षा मातीत बसून राहिली. “का करून राहिली ही मले कळतच नाई, बाबा,” ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. फोनवर पुण्याच्या साहेबांचा निरोप तसाच होता, संध्याकाळपर्यंत होकार हवा. मला ओरडून काही सांगता येत नव्हतं. मला नुसतं पीप करता येतं, ते मी केलं. कोणी लक्ष दिलं नाही.

मीराबाई पुढं आल्या. बटण दाबलं तेव्हा मी जशी उभी असेन तेच सरळ मानते, हे हर्षानं काल त्यांना सांगितलं होतं; आता त्या माझ्याकडं पाहत होत्या, माझ्या पुढच्या स्टँडकडं. त्यांचा चेहरा उतरला. मी तुम्हाला खरं सांगते, त्या बाईंना त्या क्षणी सगळं कळलं होतं, आणि तिथं कळलेलं दुसरं कोणीच नव्हतं. त्या गप्प राहिल्या असत्या तर? पोरगी पुण्याला गेली असती, वेळेवर डबा खाल्ला असता. वर्षभर त्यांनी हेच मागितलं होतं.

“थांब वं हर्षे,” मीराबाई म्हणाल्या. “तुही चूक नाई. मशीनचीबी नाई. माही हाये.”

“तुही? काहून?”

“पूजेत हिच्या पुढच्या पायाखाली मी तांदूळ घातले होते. दोन मुठी. वाहनाचं तोंड वर असावं मनून. वरून कापड होतं, तुले दिसलं नसन.”

हर्षा ताडकन उठली. “वं माय! आनं मी तिथंच बटण दाबलं! तोंड वर असलं की तिले वाटते ते सरळ हाये, आनं मी सरळ धरलं की वाटते पुढं पडून राहिली!”

“मंग शिकव न तिले पुन्हा,” रामाजी म्हणाले. “पर सपाट जागा पायजे,” हर्षा इकडंतिकडं पाहू लागली. बगीच्यात कुठली सपाट जागा! रामाजींनी खांद्यावरच्या दुपट्ट्याचा एक लांब धागा ओढून काढला, त्याला खाली पडलेलं छोटं संत्रं बांधलं आणि माझ्या शेजारी लोंबकळत धरलं. जमीन कशीही असो, लोंबता धागा कधी खोटं बोलत नाही. मीराबाईंनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. पूजा सोडली तर ज्या बाईंनी वर्षभर मला बोट लावलं नव्हतं!

“जराशी मागं घे. अजून. बस, बस!” रामाजी म्हणाले आणि हर्षानं बटण दाबलं. टिंग!

मग काय विचारता, मित्रांनो! हर्षानं पाय ठेवला आणि आम्ही निघालो. पहिली ओळ, दुसरी ओळ, टेकूंच्या मधून सरसर, ठिबकच्या नळीवरून टुण्णकन, काळ्या ओल्या मातीत चाक जरा रुतलं की पोटातली मोटर म्हणे, ‘हो पुढं!’ शेवटच्या बांधाला वळसा घालून आम्ही सन्नाट परत आलो. मिनलताईंनी क्रेटमधली संत्री मोजली. एकही कमी नव्हतं. त्या हसल्या.

“दोन पाहिजेत मला,” त्या म्हणाल्या. “तोडणी संपायच्या आत.”

आता माझ्या बहिणी येणार! हर्षाच्या वहीत पुढचं सगळं काढलेलं आहे. एक बहीण तोडणाऱ्या बायांच्या मागं आपोआप चालणार. दुसरीचं अंग लोखंडी नसणार, रामाजींनी विणलेल्या सुती कापडाचे थर डिंकासारख्या रसायनात घट्ट करून बनवणार, म्हणजे ती माझ्यापेक्षा निम्म्या वजनाची. त्यासाठी रामाजी पुन्हा माग उभारणार आहेत, आताच ताण्याचे, म्हणजे उभे, धागे मोजू लागलेत. आणि बटण दाबण्याआधी मशीननं स्वतःच ओरडावं, ‘बाई, खालची जागा तपास’, अशी सोय तर हर्षा सगळ्यात आधी करणार आहे.

हर्षाचे हात मातीनं भरले होते. मीराबाईंनी तिचा फोन घेतला, रामाजींना पुण्याच्या साहेबांचं नाव शोधायला लावलं आणि आवाजी निरोपाचं बटण दाबून खणखणीत बोलल्या. “नमस्कार जी. मी हर्षाची माय बोलून राहिली. पोरगी येऊन नाई राहिली. तब्येत बरी हाये. तिले इथं काम हाये.”

मित्रांनो, तुमच्या घरी सायकल असेल, पंखा असेल, शिलाई मशीन असेल. आम्ही बिघडलो की आम्हाला लाथ मारू नका. आधी पाहा, आम्हाला उभं कशावर केलं होतं, शिकवलं काय होतं. आणि चूक आपलीच निघाली, तर ती तिथल्या तिथं, सगळ्यांसमोर सांगून टाका. मीराबाईंनी सांगितली, म्हणून पडलेली पोरगी पुन्हा माझ्यावर चढली.