सतरा नंबरचा हात

माझ्या थोरल्याने मला न विचारता माझा हात वर केला, आणि ते मला दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडून कळलं. माझ्या घरात राहतो, माझ्या हातचं जेवतो, भिंतीपलीकडे घोरतो तेही ऐकू येतं. पण एवढं एक सांगायला त्याचं तोंड उघडलं नाही.

मी दुसरीपर्यंत शिकलेय. सही येते, आकडे तोंडी येतात, आणि कुठला डाग कशाने जातो ते मला विचारावं. एकतीस वर्षं माझ्या लॉन्ड्रीत आमच्या फुटबॉल क्लबचे कपडे येतात. अठरा जर्सी, अठरा चड्ड्या, छत्तीस मोजे. मोजे छत्तीस कधीच भरत नाहीत. क्लब एके काळी वरून दुसऱ्या लीगमध्ये होता, आता खालून दुसऱ्या लीगमध्ये आहे. त्यांची लीग बदलली म्हणून मी धुण्यात कधी हयगय केली नाही.

आमचे हे त्याच क्लबच्या मैदानावर कामाला होते. गवत, पाणी, रोलर, चुन्याच्या रेघा, सगळं ह्यांच्याकडे. लोक माळीबुवा म्हणायचे. चार महिन्यांपूर्वी सकाळी पाणी सोडायला गेले, नळाजवळ बसले ते उठलेच नाहीत. बाई रडली नाही, असं लोक म्हणाले. नाही रडले. सोमवारी कपडे आले, ते धुतले. पुढच्या सोमवारी आले, तेही धुतले. कोणी विचारलं कशी आहेस, तर मी सांगायचे, दोन नंबरचं मशीन आवाज करतंय.

आता हाताचं सांगते. आमच्या क्लबला मालक येतात आणि जातात, पण मैदान सभासदांचं आहे. ते विकायचं तर सभासदांनी हात वर करायचे, असा जुना नियम. क्लबची वही सांभाळणारे मास्तर नंबर वाचतात, ज्याचा नंबर त्याने ‘हजर’ म्हणायचं, आणि मोजणीला हात वर करायचा. कोणी कामावर असेल तर त्याचा हात घरच्याने वर केला तरी चालतो, फक्त विचारून आलेला पाहिजे. ह्यांचा नंबर सतरा. सभा चालू असताना हे बाहेर मैदानावर पाइप ओढत असायचे. म्हणून वीस वर्षं थोरला दोन्ही हात वर करत आला, एक स्वतःचा, एक बापाचा. त्यावरून त्याला चिडवायचेही, पोलीस आले का रे म्हणून.

माणूस गेला की नंबर बायकोकडे येतो. मास्तर स्वतः कागद घेऊन घरी आले होते. मी सही केली. कार्ड सुट्या बटणांच्या डब्यात ठेवलं. म्हणजे चार महिने सतरा नंबर मी आहे.

तर सोमवार सकाळ. सोमवारी न्हाव्याचं दुकान बंद असतं, तेव्हा तो आठवड्याचे टॉवेल टाकायला येतो. गाठोडं काउंटरवर ठेवून म्हणाला, “काकू, माळीबुवांनी जाता जाता मैदान वाचवलं बघा.”

“जाऊन चार महिने झाले. आता काय वाचवलं?”

“काल सभा झाली ना. मैदान विकायचं नाही म्हणणारे एक्केचाळीस, विका म्हणणारे चाळीस. एका हाताने वाचलं.”

“कोणाच्या?”

तो टॉवेल मोजत होता, तो थांबला. “थोरल्याच्या. म्हणजे, त्याच्या दुसऱ्या.”

मी टॉवेल ओढून घेतले. अठ्ठेचाळीस निघाले. त्याने पन्नास सांगितले होते.

एवढ्यात आमचे धाकटे दीर आले. भाऊजी बस डेपोत आहेत, युनिफॉर्म टाकायला येतात. भाऊजी विका म्हणणाऱ्या चाळीस जणांतले, त्यामुळे तोंड आधीच वाकडं. न्हाव्याला बघून म्हणाले, “झालं समाधान? हंगाम संपला की फरशीवाला हात झटकणार. मग खेळा पत्ते त्या मैदानावर.”

फरशीवाला म्हणजे आमचा आत्ताचा मालक. फरश्यांचा धंदा आहे त्याचा.

“झटकू दे की,” न्हावी म्हणाला. “तीन वर्षांत तीन कोच बदलले त्याने. ड्रेसिंग रूममधली फरशी मात्र एकदा बदलली नाही. पोरं सामन्याआधीच घसरून पडतात.”

“म्हणूनच म्हणतो, मैदान मागतेय त्या कंपनीला द्या. कंपनी हायवेजवळ नवीन मैदान देणार, दिवे देणार, धड कोच देणार. क्लबचं नाव तेच, जर्सी तीच.”

“आणि हे मैदान?”

“हे त्यांना पाहिजे. बांधतील काहीतरी.”

“तेच तर. मैदान घेणार आणि क्लब सोबत फुकट घेऊन जाणार. हायवेला सामना बघायला कोण येणार, ट्रकवाले?”

“आत्ता कोण येतं? परवा मी मोजले, एकशे बारा. त्यात समोरच्या टीमचे साठ.”

“गोलकीपर बदला, येतील लोक. आपला गोलकीपर बॉल सोडून सगळं पकडतो. सर्दी पकडतो, शेवटची बस पकडतो.”

भाऊजींना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. मी त्यांच्या पँटचे खिसे उलटे करत होते. एक पेन, दोन तिकिटं. मी म्हटलं, “भाऊजी, काल सतरा नंबरला हात कोणी वर केला?”

“थोरल्याने. नेहमीसारखा.”

“आणि सतरा नंबर कोणाचा?”

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, मग न्हाव्याकडे. डोक्यात उजेड पडायला जरा वेळ लागला. “अरे,” ते म्हणाले, “सतरा म्हणजे तर वहिनी.”

मग काय, फोन लावून मास्तरांना बोलावून घेतलं. मास्तर वही काखेत घेऊन आले, घामाघूम. खुर्ची दिली तर बसेनात.

“मी सतरा वाचलं,” म्हणाले, “आणि त्याने हजर म्हटलं. वीस वर्षं तेच ऐकतोय. वही मिटल्यावर माझ्या लक्षात आलं.”

“मग परत उघडायची होती,” मी म्हटलं.

“लोक उठले होते हो.”

“ह्यांना पोचवायला आले होते तेच लोक ना? कोणालाच आठवलं नाही?”

मास्तरांनी वही या काखेतून त्या काखेत घेतली.

भाऊजींनी बोटांवर हिशेब केला. “तो हात काढला की चाळीस-चाळीस. वहिनींचा हात आमच्याकडे आला की निकाल उलटा.”

“तुमच्याकडे का येईल?” न्हावी म्हणाला. “नवऱ्याने जन्म घालवला त्या मैदानावर, आणि काकू विकतील होय?”

“तू वहिनींना शिकवू नको. घरची गोष्ट आहे.”

“घरची कशी? क्लबची आहे.”

“शिवाय कंपनीची स्वतःची लॉन्ड्री आहे,” मास्तर हळूच म्हणाले. “कपडे इथे येणार नाहीत पुढे. वहिनींनी तेही ध्यानात घ्यावं.”

ओली चादर पिळताना दोन माणसं दोन टोकं धरतात, तसा माझा हात धरून तिघं बोलत होते. तिघांपैकी एकाने विचारलं नाही, बाई, तुझं काय म्हणणं आहे. विचारलं असतं तर त्या क्षणी मी काही सांगू शकले असते असंही नाही. मैदान म्हटल्यावर मला काहीतरी वाटेल अशी मी वाट बघत होते. काही वाटलं नाही. मी म्हटलं, “मला कपडे भिजवायचेत. भांडायचं तर बाहेर जाऊन भांडा.”

ते गेले. फुटपाथवर अर्धा तास भांडले. काचेतून हातवारे दिसत होते.

मी क्लबची गोणी उघडली. चिखल असेल तर आधी वाळू द्यावा, ब्रशने झाडावा, मग पाण्यात टाकावा. गवताचं वेगळं. गवताचा डाग गरम पाण्यात गेला की कायमचा बसतो, त्याला आधी थंड पाण्यात व्हिनेगर लावून चोळावं लागतं. ढोपरावर, कोपरावर, गोलकीपरच्या तर कमरेपर्यंत हिरवं असायचं. दोन आठवड्यांना एक बाटली संपायची. मी ह्यांच्यावर डाफरायचे, तुमचं गवत माझ्या बोटांची सालं काढतं म्हणून. हे खूश व्हायचे.

मी सवयीने वरच्या फळीवरून बाटली काढली. अर्धी भरलेली. त्यावर धूळ. मी आठवून बघितलं, ही कधी आणली होती. हे गेले त्या आठवड्यात.

जर्सी एकेक करून टेबलावर पसरल्या. अठराच्या अठरा. सगळीकडे पिवळट माती, भुसभुशीत, झाडली की भुरकन उडणारी. हिरवं एक बोटभर नाही. चार महिने मी हेच धुतेय आणि बघितलं नाही. मी बाटली परत फळीवर ठेवली. मग कपडे मशीनमध्ये घातले, बटण दाबलं, आणि स्टुलावर बसून ते फिरताना बघत राहिले. किती वेळ ते माहीत नाही. मशीन थांबल्यावर उठले.

थोरला पाचला आला. लिफ्ट दुरुस्तीचं काम आहे त्याचं, हाताला ग्रीस असतं, म्हणून मी त्याला कपड्यांजवळ येऊ देत नाही. दारातच उभा राहिला. चेहऱ्यावरून कळलं, न्हाव्याचा फोन गेलाय.

“आई, मी सांगणार होतो.”

“कधी?”

“बघत होतो.”

“काय बघत होतास?”

त्याने पायाने पायपुसणं सरळ केलं. “मास्तरांनी सतरा म्हटलं आणि माझ्या तोंडून हजर गेलं. हातही गेला. मला काही वाटलंच नाही, आई. बाबा बाहेर पाइप ओढताहेत, एवढंच होतं डोक्यात. मोजणी झाल्यावर खिडकीतून बघितलं, तर पाइप भिंतीला टांगलेला.”

मी ड्रायरमधून जर्सी काढत होते. गरम असणार, वाफ येत होती.

“मग?”

“मग सगळे टाळ्या वाजवायला लागले. माझ्या पाठीवर थापा. मी काय बोलणार होतो? आणि बाबांनी नाहीच म्हटलं असतं ना? मैदान विकायला बाबा कधी हो म्हणाले असते?”

“नसते म्हणाले.”

“मग झालं तर. हात बरोबरच गेला.”

मी हातातली जर्सी घडी करून ठेवली, सात नंबरची. मग फळीवरची बाटली काढून त्याच्यासमोर काउंटरवर ठेवली. त्याने ती उचलून उजेडात धरली. त्याला काही कळलं नाही. लहानपणापासून त्याने मला ती चोळताना बघितलंय, तरी कळलं नाही.

“नीट ऐक,” मी म्हटलं. “हात सवयीने वर गेला, ते मी धरत नाही. कळल्यावर खाली घेतला नाहीस, ते धरते. उद्या कामावर जायच्या आधी मास्तरांकडे जायचं आणि सांगायचं, तो हात आईचा होता, तिला विचारलं नव्हतं, परत सभा लावा. सभेला मी येईन. माझा हात मी वर करीन, आणि विका म्हणणाऱ्यांत करीन. तोंड पाडू नको. त्या मैदानावर आता गवत नाही, चार महिने नाही, माझ्याइतकं ते कोणाला ठाऊक नाही. गवत तुझ्या बापाचं होतं. तुला ते एवढं पाहिजे होतं, तर हात वर करण्याऐवजी एक दिवस जाऊन पाणी सोडायचं होतंस.”