कागद बाहेरच्या अंगाला

सरोवराकडची भिंत लूसियननं, माझ्या नवऱ्यानं, आमच्या ओडीलच्या जन्माआधीच पुरी केली होती. इथे उत्तरेत, डुलुथमध्ये, वारा येतो तो सरोवरावरून, आणि आमच्या घरात तो सगळ्यात आधी धडकतो तो या भिंतीवर, म्हणून सुरुवात तिच्यापासून. जुनं प्लास्टर फोडलं. आत उभ्या वाशांमधले खण रिकामेच होते, इतकी वर्षं या घरातली माणसं नुसत्या हवेच्या आडोशाला राहिली. त्या खणांत त्यानं थंडी अडवणारी, एका अंगाला कागद चिकटवलेली काचेची गुलाबी लोकर भरली, वर जिप्समचे बोर्ड बसवले, सांध्यांत लांबीचा लगदा भरला. अंगणाकडची भिंतही फोडून ठेवली होती. "थँक्सगिव्हिंगच्या आत हीपण उरकतो बघ," म्हणाला.

नोव्हेंबरातल्या त्या सणाच्या आधीच्याच आठवड्यात त्याची गाडी हमरस्त्यावर बर्फावरून घसरली आणि तो गेला. लुइझियानाचा, उबदार दक्षिणेतला माणूस. इथला बर्फ डांबरावर काचेसारखा पसरतो, डोळ्यांना दिसत नाही, हे त्याला किती वेळा सांगितलं होतं. "हो गं बाई," म्हणायचा.

ओडील डिसेंबरात आली. तो हिवाळा आम्ही दोघींनी त्याच खोलीत काढला. उघड्या भिंतीवर प्लास्टिकचा कागद ताणून लावला होता, वाऱ्यानं तो फुगायचा, पडायचा, जसं कुणी मोठं माणूस झोपलंय. पाळणा मात्र मी लूसियनच्या भिंतीला टेकवून ठेवला. सांध्यावरची लांबी सगळे लोखंडी पत्तीनं ओढतात. आतल्या कोपऱ्यात मात्र लूसियन पत्ती बाजूला ठेवायचा, बोट पाण्यात बुडवायचा आणि छतापासून जमिनीपर्यंत एका दमात खाली आणायचा. त्याच्या वडिलांची पद्धत. त्यामुळे त्या कोपऱ्यात एक उथळ, गोलसर खोबण राहिली होती. ओडीलला पाजताना माझं बोट आपोआप तिथे जायचं. त्याच्या बोटापेक्षा माझं बारीक, त्यामुळे दोन्हीकडे थोडी जागा उरायची.

त्याचे वडील, पप्पा क्लोव्हिस, दर रविवारी चर्चनंतर फोन करतात. उभं आयुष्य त्यांनी तिकडे दक्षिणेत लोकांच्या घरांच्या भिंती भरल्या. आता गुडघे गेलेत, प्रवास झेपत नाही. लूसियन भिंत करत होता तेव्हा फोन खांद्यात दाबून धरायचा आणि दोघांची जुंपायची.

"कागद कुठल्या अंगाला घेतलास?"

"बाहेरच्या, पप्पा. किती वेळा विचाराल?"

"तू ऐकत नाहीस म्हणून विचारतो. आता फोन भिंतीला लाव आणि ठोक."

लूसियन मला डोळा मारून फोन बोर्डाला लावायचा आणि बोटांच्या पेरांनी ठोकायचा. पप्पा ऐकायचे. "इथे पोकळ आहे. लोकर नीट बसली नाही. उघड परत." आणि खरंच तिथे पोकळ निघायचं.

मार्च संपत आला तेव्हा मी अंगणाकडच्या भिंतीसाठी माणूस शोधायला लागले. चर्चमधल्या बायकांनी एकच नाव दिलं, रेनो मॅटसन. साठीचा, उंच, बोलण्यात कंजूष. आला, बूट दारात काढले, मोज्यांवर आत आला.

"कॉफी घेणार?"

"नको, नको. उगाच त्रास."

"केलेलीच आहे."

"नको गं."

"अर्धा कप?"

"केलेलीच असेल तर चालेल." आणि तीन कप प्याला. आमच्याकडे असंच असतं, पहिल्या नकाराला इथे कुणी किंमत देत नाही.

मी त्याला खोली दाखवली. "ही उघडी भिंत करायची. त्या भिंतीला हात लावायचा नाही, ती झालेली आहे."

त्यानं त्या भिंतीकडे पाहिलं. नाकानं जरा हवा ओढली. "बरं," म्हणाला.

काम सुरू झालं. मी स्वयंपाकघरात ओडीलला घेऊन बसायची. तिला फेब्रुवारीपासून खोकला होता. दवाखान्यात विचारलं होतं, घरात कुठे ओल आहे का? मी नाही म्हणाले होते. नवी भिंत आहे, तिच्या बापानं केलेली, ओल कुठून येणार?

दुसऱ्या दिवशी वायर ओढण्यासाठी रेनोला लूसियनच्या भिंतीतल्या विजेच्या डबीचं झाकण काढावं लागलं. मी दारातच होते. त्यानं आत बोट घातलं, बाहेर काढलं, आणि बोट ओलं होतं. मग टॉर्च लावून तो बराच वेळ आत बघत राहिला. आणि हसला.

"कोण शहाणा होता हा? लोकरीचा कागद बाहेरच्या अंगाला! घराला कोट उलटा घालून पाठवलंय, अस्तर वर." पुन्हा डोकावला. "आणि काय मन लावून घातलाय! एक सुरकुती नाही. मूर्ख, पण नीटनेटका मूर्ख."

"माझा नवरा," मी म्हणाले.

रेनोनं टॉर्च बंद केला. लूसियनचं त्याला माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत होतं, फक्त ही भिंत कुणाची हे माहीत नव्हतं. तो उठला, हात पँटला पुसले, आणि पुसतच राहिला.

"कुठला होता तो?" शेवटी त्यानं विचारलं.

"लुइझियाना. न्यू आयबेरियाच्या बाजूचा. त्याच्या वडिलांचा हाच धंदा."

"हं. म्हणजे तिकडे बरोबर आहे हे. तिकडे उन्हाळा दमट, घरात गारवा. वाफ बाहेरून आत घुसते, म्हणून कागद बाहेर. इथे उलटं. हिवाळाभर तुमचे श्वास, तुमचा स्वयंपाक, पोरीच्या आंघोळीची वाफ, सगळं आतून बाहेर जायला बघतं. कागद आतल्या अंगाला असता तर भिंतीच्या या बाजूलाच अडलं असतं. आता ते लोकरीतून पार गेलंय, गार कागदावर गोठलंय, आणि आता वितळतंय."

"म्हणजे काय करायचं?"

तो माझ्याकडे बघेना. पाळण्याकडे बघत होता. "तो जरा पुढे ओढ."

मी पाळणा ओढला. मागे, जमिनीलगत, जिथे ओडीलचं डोकं असायचं त्याच्या जरा खाली, बोर्डावर बुरशीचे काळे ठिपके उमटले होते. खसखस सांडल्यासारखे.

"वरवर पुसून, रंग देऊन नाही चालणार?"

"मी देईन रंग, तू म्हणालीस तर," रेनो म्हणाला. "पण आतलं आतच राहील."

"आजचा दिवस राहू दे," मी म्हणाले. तो हत्यारं गोळा करून गेला.

दुपारी ओडीलला त्याच कोपऱ्यात घेऊन बसले. बोट खोबणीत होतं. ती पिता पिता थांबून खोकायची, घाबरून माझ्याकडे बघायची, मग परत प्यायला लागायची. आम्हा दोघींचे श्वास त्यानं बांधलेल्या भिंतीत शिरत होते आणि तिला कुजवत होते, आणि ती भिंत परत हिच्या छातीत शिरत होती. मला त्याचा राग आला. मेलेल्या माणसाचा इतका राग, की लाज वाटली. एकदा तरी विचारायचंस इथल्या कुणाला. मग आठवलं, विचारलं होतं की त्यानं. जगात ज्याचं तो ऐकायचा त्याला विचारलं होतं.

सकाळी रेनो आला तेव्हा मी त्याला कॉफीसुद्धा विचारली नाही.

"काढा," म्हणाले.

"तू पोरीला घेऊन आत बस. दार लावून घे, खाली ओला टॉवेल घाल. धूळ येईल."

मी बसले. बोर्ड पाडायचे म्हणजे हातोडा आणि पहार, दहा मिनिटांचं काम. वडिलांच्या घरी लहानपणी मी ते ऐकलेलं आहे. मी ओडीलच्या कानांवर हात ठेवून त्या आवाजाची वाट बघत राहिले. तो आलाच नाही. आला तो बारीक घरघर आवाज. थांबायचा. पुन्हा घरघर. रेनो लांबी खरवडून एकेक स्क्रू शोधत होता आणि काढत होता. जे कचऱ्यातच जाणार होतं, ते तो सोडवून घेत होता. दुपार झाली तरी तेच चालू होतं.

शेवटी दार वाजलं. त्याच्या केसांवर, भुवयांवर पांढरी धूळ होती.

"मारिट, कोपऱ्याची पट्टी तेवढी बघून घे. मग मी नेतो."

अंगणात, त्याच्या ट्रेलरवर बोर्ड आडवे रचलेले होते, अखंड. मागची बाजू सगळी काळी. वरच कोपऱ्याची उभी पट्टी होती, ती खोबण तशीच.

"ही ठेवता येईल?"

"नको ठेवूस. घरात नको." त्यानं हातमोजा काढला आणि अंगठा त्या खोबणीवरून वरपासून खालपर्यंत फिरवला. "बोटानं केलंय?"

"हो."

त्यानं हातमोजा परत चढवला. मग म्हणाला, "वाईट नाही."

आमच्याकडे याहून मोठी शाबासकी माणूस दुसऱ्या माणसाला देत नाही. लूसियनला तीन वर्षांत इथे कुणी ती दिली नव्हती.

आठवडाभरात दोन्ही भिंती झाल्या. नवी लोकर, कागद आतल्या अंगाला, नवे बोर्ड. कोपरा रेनोनं पत्तीनं ओढला, सुरीच्या धारेसारखा सरळ. ओडीलचा खोकला आधी रात्रीचा गेला, मग दिवसाचा. आता ती झोपते तेव्हा खोलीत काही वाजत नाही, प्लास्टिकसुद्धा नाही. पाजताना माझं बोट अजून कोपऱ्यात जातं आणि खालपर्यंत घसरत येतं. कुठेच अडकत नाही.

रविवारी पप्पांचा फोन आला.

"पोरगी कशी आहे?"

"खोकला गेला, पप्पा."

"मी म्हटलं नव्हतं, जाईल म्हणून? आणि भिंत?"

"उबदार आहे."

"असणारच. कागद बाहेरच्या अंगाला घेतला होता ना त्यानं?"

"हो, पप्पा. तुम्ही सांगितलं होतं तसाच. एक सुरकुती नव्हती."

पलीकडे ते नाक शिंकरत होते. "कशात म्हणून ऐकलं नाही माझं. इतक्या लांब, त्या थंडीत जाऊ नको म्हटलं, गेला. पण भिंतीत ऐकलं." मग ओशाळल्यासारखं म्हणाले, "बाळा, एक करशील? फोन भिंतीला लाव जरा. आणि ठोक."

मी ओडीलला कडेवर घेतलं, पाळण्यामागे गेले. फोन बोर्डाला लावला. बोटांच्या पेरांनी ठोकलं, लूसियन ठोकायचा तसं, वर, मधे, खाली. ओडीलला गंमत वाटली, तिनंही तळहातानं एक थाप मारली.

फोन कानाशी घेतला.

"भरीव आहे," पप्पा म्हणत होते. "ऐकलंस? कुठेच पोकळ नाही. माझ्याच पोराचा हात तो. मी कुठेही ओळखेन."

"हो, पप्पा," मी म्हणाले.

"अजून एकदा ठोक," ते म्हणाले.

मी ठोकलं.