गीर्वाण मंडळाची घंटी

मित्रांनो, काचेवर टकटक करू नका, मला ऐकू येतं. मी एक जुनी पितळी घंटी आहे. जालन्यातल्या एका घरात, शोकेसमध्ये, छोटा ताजमहाल आणि प्लॅस्टिकची फुलं यांच्या मधे मला बसवलं आहे. पाहुणे मला देवघरातली समजतात. मी देवघरातली नाही. मी मुलांना संस्कृत बोलायला लावणारी घंटी आहे, आणि माझा विश्वासघात झालेला आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे उगाच घोळवत बसायला नको.

माझा जन्म जालन्यातल्याच एका ओतशाळेत झाला. भांड्यांच्या दुकानात कळशांच्या मागे धूळ खात पडले होते, तेव्हा १९८२ साली गिरिजाबाईंनी मला उचललं. त्या तीर्थपुरीच्या एका शाळेत संस्कृत शिकवायच्या. शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्यांच्या खोलीत गीर्वाण मंडळ भरायचं. तिथे फक्त संस्कृतात बोलायचं. कोणाच्या तोंडून मराठी शब्द निसटला की मंडळाचा प्रमुख मला वाजवायचा आणि त्या मुलाला उभं राहून तीच गोष्ट संस्कृतात सांगावी लागायची. डास चावला आणि कोणी "आई गं" म्हणालं, वाजव. तहान लागली आणि "पाणी" म्हणालं, वाजव. पहिल्या वर्षी तर माझा घसाच बसायचा राहिला होता. पण मुलं हसत हसत शिकायची, आणि कुंभार पिंपळगावची मुलंसुद्धा मंडळासाठी दुपारची एसटी सोडायची.

मंडळाची एक रीत होती. दहावीच्या निरोप समारंभात जाणारा प्रमुख मला नव्या प्रमुखाच्या ओंजळीत ठेवायचा. उन्हाळाभर मी त्या नव्या प्रमुखाच्या घरी राहायची आणि जूनमध्ये त्याच्याबरोबर शाळेत परत यायची. घंटी ज्याच्या घरी गेली त्याने मंडळ चालवायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अशा कितीतरी घरांत मी राहिले. कुठे मला गव्हाच्या कोठीवर ठेवलं, कुठे रेडिओशेजारी.

१९९७चा उन्हाळा मी कमरोद्दीनकडे काढला. त्याची अम्मी रहिमुन्निसा मला दर शुक्रवारी चिंचेने घासायची आणि लेकाला बजावायची, "स्कूल की अमानत है बेटा, संभालके रख." कमरोद्दीनही मला जिवापाड जपायचा. एवढा चांगला प्रमुख मी पाहिला नव्हता. म्हणून तर पुढचं सांगताना माझा जळफळाट होतो.

पुढच्या वर्षी गिरिजाबाई निवृत्त होणार होत्या. मुख्याध्यापकांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "मंडळाला नवा प्रमुख असेल तर खोली मंडळाची. नसेल तर तिथे कॉम्प्युटर बसतील." बाईंना त्याची काळजी नव्हती. नववीतल्या सगुणाचं नाव ठरलेलं होतं. कमरोद्दीननेच तिला शब्द दिला होता. तिने संस्कृतातलं भाषण पाठ केलं, आणि मला घरी न्यायला जुन्या परकराची, नाडी ओवलेली पिशवी शिवली. दोनदा येऊन तिने माझं माप घेतलं होतं.

यंदा दहावीचा आणि बाईंचा निरोप समारंभ एकत्रच होता. त्याच्या आदल्या दिवशी कमरोद्दीन आणि मंडळाची चिटणीस बेबीनंदा खोलीत आले. मी टेबलावरच होते.

"बाईला काय द्यायचं? शाल तर सगळेच देतेत," बेबीनंदा म्हणाली.

"घंटी देऊ," तो म्हणाला. "बाई गेल्यावर मंडळात काय राह्यलं? आपल्यासारखं कोणी चालवणार न्हाई. मंग आपल्याच हातानं बराबर शेवट करू."

"आन् सगुणाला तू शब्द देल्ता, त्याचं काय?"

"ती लहान हाये. सांगू तिला नंतर."

मग बेबीनंदानेच माझ्या आतल्या लोलकाला कापूस गुंडाळला, समारंभात मधेच वाजू नये म्हणून. दोघं माझ्यासमोर खुशाल मराठीत बोलत होते, पण मला वाजवणार कोण? वाजवणाराच तो होता.

दुसऱ्या दिवशी चमकीच्या कागदातून मी सगळं ऐकलं. कमरोद्दीनचं संस्कृत भाषण एका अक्षराने चुकलं नाही. मग रीतीप्रमाणे माइकवरून सगुणाला पुढे बोलावलं, आणि तिच्या देखत त्याने मला बाईंच्या हातात दिलं. बाईंनी कागद सोडला तेव्हा मला सगुणा दिसली. ती ओंजळ पुढे करून उभी होती. लोक टाळ्या वाजवत होते. मुख्याध्यापक माइकवर म्हणाले, "मंडळाची फार सुंदर सांगता झाली." बाईंचा चेहरा उतरला, पण खांद्यावर शाल आणि समोर सगळं गाव. त्यांनी मला पर्समध्ये ठेवलं. सगुणाने पिशवीची घडी केली आणि ती आपल्या रांगेत जाऊन बसली.

निवृत्तीनंतर जालन्याच्या आपल्या घरी येताना एसटीत बाई मला म्हणाल्या, "नको म्हणायला हवं होतं गं मी." तर म्हणायचं होतं ना, बाई. मला तर तोंडच ठेवलं नव्हतं. जूनमध्ये त्या खोलीत कॉम्प्युटर बसले.

सात-आठ वर्षांनी कमरोद्दीन बाईंना भेटायला आला. आता तो औरंगाबादला इंजिनिअर होता. बर्फीचा पुडा ठेवून त्याने आधी मलाच हातात घेतलं आणि हलवलं. मी वाजले नाही.

"बाई, ही वाजत न्हाई."

"तुमचाच कापूस आहे तो. मी काढला नाही."

तो हसला. "मंडळ मंग कोणी पुढं चालवलं का? आता प्रमुख कोण हाये?"

बाई म्हणाल्या, "घंटी माझ्याकडे आहे ना रे. मग प्रमुख कोण असणार?"

कमरोद्दीनचं हसू गेलं. बराच वेळ तो नखाने माझ्यातला कापूस ओढत बसला. पिवळा पडलेला कापूस त्याने खिशात घातला, मला काचेमागे ठेवलं आणि चहा न घेता निघून गेला. सगुणाचं नाव त्याने काढलं नाही.

मित्रांनो, मला इथे कोणी मारत नाही, रोज पुसतात. पण तुमच्या हाती दुसऱ्यासाठी काही सोपवलं असेल, तर ते कितीही प्रेमाने तिसऱ्याला देऊन टाकू नका. आता कापूस निघाला आहे, मी वाजू शकते. ही काच डावीकडे सरकते. तीर्थपुरीत एका मुलीने माझ्या मापाची पिशवी शिवलेली आहे, मला तिच्याकडे घेऊन चला.